लहान तलाव आणि विजेच्या मोटारीची होडी

रत्नागिरी जिल्ह्यात मासळी म्हटली की मिरकरवाडा, हर्णै, जयगड ही बंदरेच प्रथम डोळ्यांपुढे येतात. गोड्या पाण्यातील मासळीचा विचार मृगाच्या पावसात चढणीचे मासे धरण्यापलीकडे सहसा जात नाही. वास्तविक गेल्या काही दशकांत डोंगरांच्या कुशीत ठिकठिकाणी पाटबंधाऱ्यांचे लहानमोठे तलाव झाले आहेत. त्यांचे पाणी शेतीस व पिण्यास उपयोगी पडते. परंतु त्यांतील मासळीपैकी काठावरून जाळे वा गळ पोहोचेल तेवढीच पुष्कळदा हाती लागते. अशा तलावांवर विजेच्या मोटारीची लहान होडी वापरावी काय, असा प्रश्न आहे. वापरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र आधी मोटार घ्यावयाची व मागाहून तलाव शोधावयाचा, असा उलटा क्रम ठेवल्यास पैसा अक्षरशः पाण्यात जाईल.

ही मोटार नवलाईची वस्तू नव्हे. जर्मनीतील क्योनिगझे ह्या डोंगरी सरोवरावर १९०९ सालापासून विजेच्या होड्या चालत आहेत. मासेमारीच्या होडीस लावावयाची लहान विद्युत-मोटार अमेरिकेतील फार्गो ह्या गावी श्मिट नावाच्या गृहस्थाने १९३४ मध्ये तयार केली. आपल्याकडे केरळात वैकम येथे २०१७ पासून सूर्यशक्तीवर चालणारी प्रवासी बोट उतारूंची ने-आण करू लागली. म्हणजे तत्त्व सिद्ध झालेले आहे. आपल्या पाण्यास ते कितपत मानवते एवढेच पाहावयाचे राहते.

वल्ह्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. एकट्या माणसास वल्हवणे व गरवणे ही दोन्ही कामे एकाच वेळी साधत नाहीत, हे त्याचे उत्तर होय. मोटार असली म्हणजे हात मोकळे राहतात, होडी वाऱ्यापुढे वाहवत नाही आणि पाण्यात खळबळ होत नसल्याने मासा बुजत नाही. तेलाच्या यंत्राने पाणी खराब होते, ते येथे टळते. परंतु तिची शक्ती मर्यादित आहे. बाजारात मिळणारी लहान मोटार १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालते व पूर्ण वेगात सुमारे ३० अँपिअर प्रवाह ओढते. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. तेव्हा हाती ५० अँपिअर-तासच उरतात. पूर्ण वेगात हा साठा पावणेदोन तासांच्या आतच संपेल. तोच प्रवाह १० अँपिअरवर ठेवून सावकाश गेल्यास पाच तास पुरेल. मोठ्या जलाशयात समोरचा वारा सुटला म्हणजे सावकाश जाण्याची मुभा उरत नाही आणि परतीच्या वाटेवर बॅटरी दगा देते. लहान तलावात काठ कोठूनही पाव-अर्ध्या तासाच्या आत गाठता येतो. लहान तलावाचा आग्रह आम्ही धरतो तो ह्याच कारणासाठी.

आता तलाव शोधावा कसा? गणेशचतुर्थीच्या सुमारास कोकणातील प्रत्येक तळे तुडुंब भरलेले व सुंदर दिसते. त्या वेळच्या पाण्यावरून कोणताही निर्णय करू नये. पाहणी करावयाची ती वैशाखात. आपल्याकडे पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्याच्या जमिनीत तो मुरून जातो, उतारावरून वाहून जातो, आणि सड्यावरची तळी तर माघ-फाल्गुनातच कोरडी पडतात. मे महिन्यात ज्या तलावात बांधाजवळ दोन पुरुष पाणी उरते, तोच मासळी जगवणारा तलाव समजावा. हल्ली उपग्रहाने घेतलेली छायाचित्रे भ्रमणध्वनीवरही पाहावयास मिळतात. एकाच तलावाची ऑक्टोबरातील व मे महिन्यातील चित्रे शेजारी ठेवली, तर घरबसल्या पुष्कळसे तलाव यादीतून वगळता येतील. उरतील त्यांवर मात्र स्वतः जावे व तेथील गुराख्यास विचारावे. पाणी कोणत्या वर्षी कोठवर उतरले हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते.

तेथे गेल्यावर पहिली गोष्ट पाहावयाची ती वाट. शिशाची एक बॅटरी जवळजवळ ३० किलो भरते. ती, होडी व मोटार असा संसार उभ्या घसरणीवरून खाली नेणे व संध्याकाळी पुन्हा वर आणणे सोपे नाही. लिथियमची बॅटरी निम्म्याहून हलकी असते, पण महाग पडते. गाडी पाण्यापासून हाकेच्या अंतरावर येत नसेल तर तो तलाव सोडून द्यावा. दुसरी गोष्ट बुडीत क्षेत्राची. तलाव भरताना न तोडलेल्या झाडांचे बुंधे पाण्याखाली असतात. मासा त्यांच्याच आसऱ्यास राहतो हे खरे, पण मोटारीचा पंखाही तेथेच मोडतो. पाणी उतरलेले असताना ते बुंधे व जुन्या वहाळाचे पात्र कागदावर टिपून ठेवले म्हणजे पुढे वर्षभर तो कागद उपयोगी पडतो. पाणवनस्पतींनी गच्च भरलेल्या भागात पंख्यास वेढे बसतात. तेथे वल्हेच बरे, म्हणून ते होडीत नेहमी असावे.

काही पाणी मात्र मुळीच विचारात घेऊ नये. कोळकेवाडीचा जलाशय कोयना जलविद्युत प्रकल्पाचा भाग असून तेथील पातळी वीजनिर्मितीप्रमाणे वरखाली होते. वाशिष्ठीच्या डोहांत मगरींचा वावर आहे. नातूवाडी, अर्जुना, गडनदी हे मध्यम प्रकल्प. त्यांचा विस्तार ह्या लहान मोटारीस झेपणारा नव्हे. २,००० हेक्टरांपर्यंत लाभक्षेत्र असलेल्या लघु पाटबंधारे योजनांचे तलावच आपल्या कामाचे होत, आणि त्यांतीलही जे खरोखर लहान आहेत तेच.

ह्यापुढील प्रश्न हक्काचा आहे, आणि आमच्या मते खरे महत्त्व त्यालाच आहे. तलाव शासनाचा असला तरी त्यातील मासळी बेवारशी नसते. मासेमारीचा हक्क ठेक्याने मच्छिमार सहकारी संस्थेस दिला जातो. संस्था पदरचे पैसे घालून कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडते व वर्षभर राखण करते. अशा पाण्यात शहरातील हौशी मनुष्याने होडी लोटून मासे न्यावेत, ही शुद्ध चोरी आहे. पण संस्थेने हौशी माणसास काठावरून हुसकून लावावे, हेही शहाणपणाचे वाटत नाही. संस्थेनेच एक होडी व एक मोटार घेऊन ती दिवसाच्या भाड्याने, परवान्यासह का देऊ नये? किती मासे न्यावयाचे व किती लहान मासा परत सोडावयाचा हे परवान्यावर लिहिता येईल. होडी चालवावयास गावातला तरुण राहील. तीच होडी इतर दिवशी संस्थेच्या जाळ्यांसाठी उपयोगी पडेल. आज अनेक ठिकाणी सभासद फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी लावतात, त्यापेक्षा ही सोय निश्चितच सुरक्षित आहे. मुंबईची वाट धरणाऱ्या मुलास ह्याने गाव सुटणार नाही असे आम्ही म्हणत नाही. पण एखाद्या कुटुंबास हंगामात हातभार लागेल. राज्य शासनाने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे. तेव्हा अशा लहान साधनाचा विचार पंप वा नांगराप्रमाणे शेतीचे अवजार म्हणूनच व्हावयास हवा.

त्याचबरोबर ज्या तलावांचे पाणी गावे पितात, तेथे तेलावर चालणाऱ्या यंत्राच्या होडीस सरसकट मनाई असावी. अमेरिकेतील पुष्कळ पेयजल-तलावांवर केवळ विजेच्या मोटारीस मुभा आहे. आपल्याकडे तशी वहिवाट आताच पाडणे सोपे आहे, कारण अशा होड्या अजून आलेल्या नाहीत.

मोटार लावली की होडी यंत्रचालित ठरते. म्हणून अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ अन्वये नोंदणी लागते किंवा कसे, ह्याची चौकशी आधी करून घ्यावी. मत्स्यव्यवसाय कार्यालयाबरोबरच पाटबंधारे खात्याचीही परवानगी घ्यावी, कारण बांध त्या खात्याचा असतो. २ जुलै २०१९ रोजी रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटून माणसे वाहून गेली, त्याचा विसर अद्याप कोणास पडलेला नाही. बांधाच्या दगडी अस्तरास होडी बांधू नये, सांडव्याजवळ नेऊ नये, आणि जून ते सप्टेंबर ती पाण्यात घालूच नये. त्या दिवसांत मासा चढणीस लागून अंडी घालतो व मरळ आपली पिले राखीत उथळ पाण्यात असते; तेव्हा मासळीच्या दृष्टीनेही तोच काळ विसाव्याचा आहे. होडीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट असावे, पोहता येत असले तरीही. चार महिन्यांच्या ह्या विश्रांतीत बॅटरी घरी कोरड्या जागी ठेवून महिन्यातून एकदा भारित करावी, म्हणजे नवरात्र संपताच होडी पाण्यात घालता येईल.