पैनगंगेकाठची हिरवळ गावात आणा

मा. सरपंच व सर्व सदस्य,
ग्रामपंचायत देऊळघाट, ता. जि. बुलढाणा



सार्वजनिक जागा सजवायची म्हटली की पेव्हर ब्लॉक किंवा विकतची लॉन, एवढंच आपल्याला सुचतं. तिसरा पर्याय पैनगंगेच्या काठावर आपोआप उगवतो. त्यासाठी हे पत्र.

भर उन्हाळ्यात लॉन हिरवी ठेवायला रोज साधारण 5 मिलिमीटर पाणी धरलं, तरी एका गुंठ्याला 500 लिटर होतात. म्हणजे 15 लिटरच्या 33 कळश्या, रोज! डोक्यावर कळशी वाहिलेल्या बाईला या आकड्याचं वजन सांगावं लागत नाही. आणि एवढं पाणी पिऊनही ते गवत फुलायच्या आधीच कापलं जातं. मधमाशीच्या वाट्याला काहीच येत नाही.

नदीकाठच्या ओलीत जलपिंपळी असते. गुडघे टेकून बघा. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, पेरापेराला मुळं, टोकाशी दातेरी पानं. उभ्या देठावर जांभळट बोंड आणि त्याभोवती पांढऱ्या-गुलाबी इवल्या फुलांचं कडं. मयूर भिरभिरी हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. आपण मात्र तिला तण समजून उपटतो.

तिला पाणी लागतच नाही, असं मी म्हणणार नाही. रुजेपर्यंत पाणी हवं आणि पहिले दोन-तीन महिने हरळी, लव्हाळा निंदावा लागेल. पुढे पाणी तुटलं तर पानं सुकतात, पण मुळं तग धरतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात. ती येण्याजाण्याची वर्दळ सोसते, रोजचं क्रिकेट नाही. फुलांवर मधमाश्या असतात, म्हणून लहान मुलांची अनवाणी खेळायची जागा वेगळी ठेवावी.

नर्सरीतली पिवळ्या फुलांची वेडेलिया मात्र लावू नये. ती अमेरिका खंडातली, आणि मोकळी सुटली की आवरत नाही. घाणेरीही बागेची शोभा म्हणूनच या देशात आली होती. आज ती रानोमाळ पसरली आहे.

2020 पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान चालू आहे. भूमी आणि जल ही त्यातली दोन तत्त्वं जलपिंपळी लावण्याच्या या एका कामात साधतात. विनंती एवढीच, की येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि पावसाळ्यात एक गुंठा जागा द्यावी. दोन-तीन पेरांच्या काड्या वीतभर अंतरावर लावायच्या आहेत. काड्या नदीवरून मी आणतो, निंदणीलाही येतो.

आपला,
देऊळघाटचा एक रहिवासी