अठरा महिन्यांचा सेन्सॉर

नाटक 'सेन्सॉरमध्ये अडकले' असे आपण सहज म्हणतो. मूळचा रोमन सेन्सॉर मात्र संहिता वाचत नसे. तो माणसे मोजत असे. इ.स.पूर्व ४४३ पासून रोममध्ये या पदावर दोघे निवडले जात. नागरिकांची आणि त्यांच्या मालमत्तेची नोंद करायची, हे त्यांचे काम. 'सेन्सस' हा शब्दही त्याच कुळातला. नोंदीच्या ओघात वर्तनाचीही झडती होई आणि नालायक ठरलेल्या सेनेटरचे नाव यादीतून उडे. थोरला केटो इ.स.पूर्व १८४ मध्ये सेन्सॉर झाला. मेजवानीत मर्जीतल्या माणसाला खूश करायला एकाचा जीव घेणाऱ्या माजी कॉन्सलला त्याने सेनेटबाहेर काढले. आणखी एकाला काढले ते भरदिवसा, मुलीदेखत बायकोचे चुंबन घेतले म्हणून! सोवळे तेव्हाही कडकच होते.

पण त्या सोवळ्याला कुंपण होते. मुदत अठरा महिन्यांची, निर्णयाला दोघांचे एकमत हवे, ठपक्याचे कारण नोंदवलेले हवे, आणि तो ठपका पुढचे सेन्सॉर पुसूही शकत. बडगा बसे तो मुख्यतः बड्यांवर, तोही कृत्य घडल्यानंतर.

हे कुंपण डोमिशियन बादशहाने मोडले. त्याने हे पद तहहयात स्वतःकडे घेतले. इतिहासग्रंथातल्या काही सूचक उल्लेखांवरून टार्ससच्या हर्मोजेनिसला ठार करणारा बादशहा हाच. ते पुस्तक उतरवून काढणाऱ्या लेखनिकांना त्याने क्रुसावर चढवले.

आपल्याकडे आला तो सेन्सॉर डोमिशियनच्या वळणाचा. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याचा बडगा १९१० मध्ये खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर पडला. कीचकात लोकांना व्हाइसरॉय कर्झन दिसत होता, सरकारलाही दिसला. इंग्रज गेले, पण प्रयोगाआधी संहिता मंजूर करून घेण्याची सक्ती महाराष्ट्रात स्वराज्यातही राहिली. १९७२ मध्ये 'सखाराम बाइंडर' नाटकासाठी दिग्दर्शक कमलाकर सारंगांना उच्च न्यायालय गाठावे लागले. चित्रपटांच्या मंडळाने १९८३ मध्ये नावातला 'सेन्सॉर' काढून 'प्रमाणन' घातले, कात्री तेवढी ठेवली.

१८७६ चा कायदा आता रद्द झाला आहे. संहितेची पूर्वतपासणीही त्याच्या मागोमाग जायला हवी. नाटकात गुन्हा घडलाच, तर प्रयोगानंतर न्यायालये आहेतच.