जांबेत धंदा सुरू करताय? एक लाखाचा फरक समजून घ्या

हिंजवडीजवळचे जांबे (ता. मुळशी) हे ग्रामपंचायतीचे गाव. हिंजवडी, माण, मारुंजीसह ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव अनेक वर्षांपासून चर्चेत आहे. त्याचा नवउद्योजकांशी थेट संबंध आहे.

फरक काय पडतो?
पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाच्या 2022 मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार पंचायतीचे क्षेत्र ग्रामीण, तर पालिकेचे शहरी धरले जाते. सर्वसाधारण गटाला ग्रामीण भागात प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के, शहरात 15 टक्के अनुदान मिळते. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, दिव्यांग आदींसाठी हे प्रमाण 35 आणि 25 टक्के आहे. म्हणजे 10 लाखांच्या प्रकल्पात महिलेला गावात साडेतीन लाख, शहरात अडीच लाख.

मर्यादा किती?
उत्पादन उद्योगाला 50 लाख, सेवा उद्योगाला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प. स्वतःचे 5 ते 10 टक्के घालावे लागतात. बाकी बँकेचे कर्ज. अनुदान हातात रोख मिळत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते.

मदत कुठे?
- शिवाजीनगरचे जिल्हा उद्योग केंद्र : अर्ज, मार्गदर्शन
- ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था : मोफत प्रशिक्षण, राहणे-जेवणासह
- ‘उमेद’ : महिला बचत गटांना बँक कर्जाची जोडणी
- उद्यम नोंदणी : आधारवर, ऑनलाइन, विनाशुल्क

काय सांभाळावे?
अर्ज आणि नोंदणीला शुल्क नाही. पैसे मागणाऱ्या एजंटापासून दूर राहा. ग्रामीण क्षेत्राचा दाखला आधी काढून ठेवा. मंजुरीचा निर्णय बँकेचाच असतो, त्यामुळे प्रकल्प अहवाल पक्का हवा.