डब्यावरचे गुटगुटीत बाळ : दुधाच्या पावडरीचा दीडशे वर्षांचा प्रवास

रायगडच्या हिरकणीची दंतकथा महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कडा, अंधार, बंद दरवाजे आणि घरी भुकेलेले तान्हे बाळ. त्या कथेतील एक तपशील मात्र सहसा नजरेतून सुटतो. हिरकणी स्वतः दूध विकणारी गवळण होती. दुभत्या घरातील बाळ आईच्या अंगावरच्या दुधासाठीच अडून राहिले, हे कथा सांगणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला कधी खटकले नाही. तान्ह्याला 'वरचे दूध' देणे हा नाइलाजाचा उपाय आहे, हे त्या समाजाचे गृहीतकच होते. हे गृहीतक कोणी, कधी आणि कशाच्या बळावर हलवले, हा या धाग्याचा विषय.

आरंभ जर्मनीत होतो. युस्टुस फोन लीबिग हा त्या काळचा सर्वांत नामवंत रसायनशास्त्रज्ञ. १८६५ साली त्याने तान्ह्या मुलांसाठी एक 'सूप' प्रसिद्ध केले. गाईचे दूध, गव्हाचे पीठ, माल्ट आणि थोडे पोटॅशियम बायकार्बोनेट अशी त्याची कृती होती. प्रथिने, स्निग्धांश व पिष्ट यांचे प्रमाण जुळले की आईच्या दुधाची बरोबरी झाली, असा त्याचा हिशेब होता. जीवनसत्त्वे ही कल्पनाच तेव्हा अस्तित्वात नव्हती. 'व्हिटॅमिन' या शब्दाचा जन्म व्हायला १९१२ साल उजाडावे लागले. पॅरिसमधील एका प्रसूतितज्ज्ञाने हे सूप चार नवजात अर्भकांना दिले. चारही दगावली. तेथील वैद्यक अकादमीत त्यावर मोठा वाद झाला, पण विक्री थांबली नाही.

१८६७ साली स्वित्झर्लंडमधील वेवे गावी आँरी नेस्ले या औषधविक्रेत्याने आटवलेले दूध, साखर आणि भाजलेल्या गव्हाचे पीठ यांचे मिश्रण बाजारात आणले. आठ वर्षांत त्याने कंपनी विकून निवृत्ती पत्करली. तोवर त्याचे उत्पादन अनेक देशांत पोहोचले होते.

येथे न्याय करायला हवा. ज्या बाळाची आई दगावली किंवा जिला दूधच आले नाही, त्याच्यापुढे तेव्हा दोनच वाटा असत : दूधआई किंवा मृत्यू. आज शुद्ध पाणी, योग्य प्रमाण आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर वर्षाच्या आतील अशा बाळाला फॉर्म्युला खरोखर जगवतो. आक्षेप त्या डब्यावर नाही. गरज नसलेल्या घरात तो कसा शिरला, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाईंच्या आयुष्यात सापडते. जमैकात जन्मलेल्या विल्यम्स ब्रिटिश वसाहतींच्या आरोग्यसेवेत होत्या. गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, त्यांनी एक ते चार वर्षांची सुजलेली, केस तांबूस झालेली मुले पाहिली आणि १९३३ साली त्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. गा भाषेतील त्याचे नाव 'क्वाशिओरकोर'. धाकटे भावंड जन्मल्यावर आईच्या अंगावरून दूर झालेल्या मुलाचा तो आजार. मक्याच्या पेजेवर वाढणारी ही मुले तान्ही नव्हती, दुडूदुडू चालू लागलेली होती. पुढे सिंगापुरात त्यांना याची दुसरी बाजू दिसली. परिचारिकांच्या वेषातील विक्रेत्या मातांना साखर घातलेले आटीव दूध खपवत होत्या. १९३९ साली तेथील रोटरी क्लबमध्ये त्यांनी भाषण केले. शीर्षक होते 'दूध आणि खून'. श्रोत्यांत शहरातील प्रतिष्ठित मंडळी बसलेली असताना हा शब्द उच्चारायला धैर्य लागते.

क्वाशिओरकोरच्या शोधाचा पुढे मात्र विचित्र उपयोग झाला. मुलांना प्रथिने कमी पडतात, असा निष्कर्ष निघाला. संयुक्त राष्ट्रांनी १९५५ साली प्रथिनांसाठी स्वतंत्र सल्लागार गट नेमला आणि जगाची भूक म्हणजे 'प्रथिनांची दरी' असे समीकरण रूढ झाले. उपाय अर्थातच पावडरी, पूरके आणि डबे.

या समीकरणाला आव्हान देणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. दुर्दैवाने ते मराठी वाचकांनाच फारसे परिचित नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९५१ पासून जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. आहाराच्या पाहण्यांची आकडेवारी तपासून त्यांनी दाखवले की, धान्य-डाळींचा नेहमीचा आहार पोटभर मिळाला, तर बहुतेकांची प्रथिनांची गरज त्यातूनच भागते. मूळ उणीव पुरेशा अन्नाची, म्हणजेच कॅलरींची आहे. शिवाय उपाशी शरीर खाल्लेली प्रथिनेही इंधन म्हणून जाळून टाकते. हैदराबादमध्ये डॉ. सी. गोपालन यांचे संशोधनही याच दिशेने जात होते. १९७३ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीच्या अहवालात प्रथिनांच्या गरजेचे अंदाज खाली आणले गेले आणि १९७४ साली 'लॅन्सेट'मध्ये डोनाल्ड मॅकलारेन यांनी या साऱ्या प्रकरणाला 'महाफसगत' ठरवले. विज्ञानाने चूक सुधारली. जाहिरातीने मात्र ती जपून ठेवली. प्रथिनांचा धाक दाखवून डबा विकणे आजही चालूच आहे.

१९७४ सालीच ब्रिटनमध्ये 'द बेबी किलर' ही पुस्तिका निघाली. गरीब वस्त्यांत महागडी पावडर पुरवून वापरावी म्हणून जास्त पाण्यात कालवली जात होती. पाणीही दूषित. परिणाम अतिसार आणि कुपोषण. १९७७ पासून बहिष्काराचे आंदोलन उभे राहिले. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीची आचारसंहिता ११८ विरुद्ध १ मतांनी संमत केली. विरोधातील एकमेव मत अमेरिकेचे होते. भारताने तर १९९२ साली कायदाच केला आणि २००३ साली तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या दूधपर्यायांची व आहाराची जाहिरात येथे करता येत नाही.

बाजार मग वयाने मोठा झाला. सहा महिन्यांनंतरचे 'फॉलो-अप', वर्षानंतरचे 'ग्रोइंग-अप' असे टप्पे पडले. जागतिक आरोग्य सभेने १९८६ सालीच अशी दुधे अनावश्यक असल्याचे म्हटले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचना त्याहून स्पष्ट आहेत : सहा महिने ते दोन वर्षे स्तनपान चालू ठेवावे. ते नसेल, तर एक ते दोन वर्षांच्या मुलाला साधे जनावराचे दूध द्यावे. फॉलो-अप फॉर्म्युल्याची शिफारस नाही. दुधाचाही अतिरेक नको, कारण त्यात लोह नगण्य असते आणि दुधाने पोट भरलेले मूल जेवत नाही. उष्टावणानंतर वरणभात, नाचणी, अंडे, पालेभाजी यांची जागा कोणतेही दूध घेऊ शकत नाही.

तरीही सुशिक्षित आईबाप महिन्याच्या किराण्यातून त्या डब्यासाठी पैसे काढतात. त्यांना मूर्ख समजणे अन्यायाचे ठरेल. 'माझे मूल कमी तर पडणार नाही ना?' ही त्यांची भीती खरी आहे आणि तिच्यावर दीडशे वर्षे पद्धतशीर काम झाले आहे. शिवाय कायद्याची मर्यादा दोन वर्षांवर संपते. दुसरा वाढदिवस होताच तेच मूल जाहिरातीचे कायदेशीर गिऱ्हाईक ठरते, आणि उंची, बुद्धी व प्रतिकारशक्तीची आश्वासने देणाऱ्या बहुतेक पावडरींच्या डब्यांवर वयही नेमके तेथूनच सुरू होते : दोन वर्षांपुढे.