फोटो माशाचा, जखम हाताची

घरातल्या फिशटँकचा फोटो काढायचा म्हटले की बहुतेकांचे बोट आधी मोबाइलच्या फ्लॅशकडे जाते. मग फोटोत येतो काचेवरचा पांढरा गोळा आणि मागे पुसटसा मासा. माशाच्या कातडीत ग्वानिनचे आरशासारखे स्फटिक असतात. समोरून आलेला प्रकाश ते तसाच परत फेकतात. नदी-तळ्यात माशावर उजेड वरून पडतो, फोटोतही तो वरूनच यायला हवा. फ्लॅश बंद, खोलीतले दिवे बंद, टाकीवरचा दिवा तेवढा चालू. कॅमेरा काचेला समांतर धरावा. तिरका धरला की प्रकाश वाकतो आणि माशाच्या कडा फिसकटतात. बाकी काम धीराचे. माशामागे कॅमेरा फिरवण्यापेक्षा एका पानावर फोकस लावून मासा तिथे येण्याची वाट पाहावी. जपानच्या ताकाशी अमानो यांनी हिरव्यागार टाक्यांच्या फोटोंनी जगभरच्या हौशी लोकांना वेड लावले. त्या फोटोंमागे महागड्या कॅमेऱ्याइतकीच टाकीची मशागतही होती.

मशागत म्हणजे हात पाण्यात. याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. फोटोसाठी टाकी सजवताना पाने छाटली जातात, काचेवरचे शेवाळ ब्लेडने खरवडले जाते, दगड हलवले जातात. बोटाला खरचटते, लक्षातही येत नाही. टाकीच्या पाण्यात मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जंतू असू शकतो. क्षयाच्या जंतूचा हा भाऊबंद. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो सापडला. त्याला ३० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून तो शरीराच्या आत न शिरता बोटे, मनगट, कोपर अशा थंड भागांत मुक्काम करतो. साधारण दोन ते चार आठवड्यांनी तिथे गाठ येते, फुटते, आणि कधीकधी हातावर एकामागून एक गाठी वर चढत जातात.

तोवर खरचटणे विसरलेले असते. रुग्ण मलम लावत राहतो. घरात मासे आहेत का, हे डॉक्टर विचारत नाहीत. हा दोष डॉक्टरांचाच. प्रयोगशाळेला कल्पना दिली नाही, तर नमुना नेहमीप्रमाणे ३७ अंशांवर ठेवला जातो आणि जंतू उगवतच नाही. उशीर झाला तर संसर्ग सांध्यापर्यंत पोहोचतो. औषधे कित्येक महिने घ्यावी लागतात.

हा आजार विरळा आहे, माणसाकडून माणसाला होत नाही. त्यासाठी मासे काढून टाकायला नकोत (तळ्यात सोडायला तर मुळीच नकोत). पण हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नये. एरवीही कोपरापर्यंतचे हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत. मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी साफसफाई घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवावी. फोटो खुशाल काढावेत.

आणि बोटावरची गाठ दोन-तीन आठवड्यांत बसली नाही, तर तोच मोबाइल उपयोगी पडतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, शेजारी मोजपट्टी ठेवून गाठीचा फोटो काढावा आणि डॉक्टरांकडे जावे. तो दाखवताना फिशटँकचाही एक फोटो दाखवावा.