बावखलं बुजू देऊ नका

वसईच्या पश्चिम पट्ट्यात उन्हाळा तापला की रात्रीच्या डंपरांची ये-जा वाढते. कुठल्यातरी पाडलेल्या इमारतीचा राडारोडा, विटांचे तुकडे, फुटक्या लाद्या, सिमेंटची ढेकळं आणून बावखलात ओततात. काही रात्रींत पाणी दिसेनासं होतं. वर लाल मातीचा थर पसरतात. पावसाळ्यात त्यावर गवत उगवतं आणि नाताळपर्यंत तिथे गाड्या लागायला लागतात. गावात नव्याने आलेल्या सुनेला इथे पाणी होतं असं सांगितलं, तर तिला ते खरंही वाटत नाही.

हे थांबवणं आपल्या धर्मग्रामांच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या पॅरिशांच्या, हातात आहे आणि ते याच वर्षी हाती घेतलं पाहिजे.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. बावखल म्हणजे आमच्या पूर्वजांनी वाडीत किंवा घरांच्या वस्तीलगत खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. कुठे चार-पाच गुंठ्यांचं, कुठे त्याहून बरंच मोठं. खणताना निघालेली माती घराच्या जोत्याला, वाडीच्या बांधाला लागली आणि खड्ड्यात पावसाचं पाणी साठलं. गास-भुईगावपासून निर्मळ, नंदाखाल, आगाशीपर्यंतचा हा पट्टा समुद्रालगतचा. जमीन रेताड. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर होऊन राहतो. बावखल हा थर भरत राहतं, म्हणून शेजारची विहीर गोडी राहते. पाणी मुरायचं थांबलं आणि वर पंपांचा उपसा वाढला, की खारं पाणी वर सरकतं. विहीर एकदा खारावली की ती पुन्हा गोडी व्हायला वर्षानुवर्षं जातात.

या पाण्यावर काय काय उभं होतं, ते आठवून पाहा. विहिरीवर आणि बावखलावर रहाट चालायचे. बैल किंवा रेडा गोल फिरायचा, मडक्यांची माळ खाली जाऊन भरून वर यायची आणि पाणी पाटाने केळीच्या बुंध्यापर्यंत पोचायचं. त्या पाण्यावर राजेळी केळी पिकायची. पिकलेली राजेळी सोलून काही दिवस उन्हात वाळवली की सुकेळी व्हायची, आणि ती विकून आलेल्या पैशांवर कितीतरी घरांत लग्नं लागली, मुलं शिकली. पानवेली होत्या, मोगरा होता, चाफा होता. पहाटेच्या लोकलने दादरला फुलं आणि भाजी घेऊन जाणाऱ्या लुगड्यातल्या बाया ही या पट्ट्याची ओळख होती. पावसाळ्याआधी घर शाकारायला झाप लागायचे. त्यासाठी नारळाच्या झावळ्या बावखलात भिजत घालायच्या, मऊ झाल्या की काठावर बसून विणायच्या. दुपारी म्हशी पाण्यात, संध्याकाळी पोरं. केळीचं खोड छातीखाली धरून पाय मारत मारत आमच्या पिढीतली बहुतेक मुलं पोहायला शिकली. काठावर खंड्या बसलेला असायचा, गवतातून पाणकोंबडी पळायची.

आता रहाट गेले. त्याचं वाईट वाटतं, पण ते परत येणार नाहीत आणि यावेत असा माझा आग्रहही नाही. मुलं इंग्रजी शाळेत गेली, मुंबईत, आखाती देशांत, कॅनडात नोकऱ्यांना लागली. वाडीत राबायला माणूस नाही. मिस्सेला येणारे आजी-आजोबा कादोडी बोलीत बोलतात, नातवंडं त्यांना इंग्रजीत उत्तर देतात. हे बदल घराघरांत झाले आहेत आणि ते कुणी एकट्याने रोखू शकत नाही. बावखलाची गोष्ट वेगळी आहे. केळी काढली तरी पावसाचं पाणी येतच राहतं, आणि त्याला जायला जागा लागते.

ही जागा नसली की काय होतं, ते २०१८च्या जुलैत आपण पाहिलं. पावसाने वसई-विरार पाण्याखाली गेलं, रेल्वे बंद पडली, वीज गेली, मिठागरांतली कुटुंबं अडकली. त्या पुराला कारणं अनेक होती. नाले बुजले होते, खाडीच्या तोंडाशी भराव पडले होते, पाणथळ जागांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्या यादीत बुजवलेल्या बावखलांचंही नाव आहे. एकाने आपल्या वाडीतलं बावखल भरलं की त्याचं पाणी शेजाऱ्याच्या ओटीवर चढतं. म्हणूनच सातबारा कुणाच्या नावावर आहे एवढ्यावर हा प्रश्न मिटत नाही.

यात चर्चने का पडावं, असं काहीजण विचारतील. त्यांनी वसईचाच इतिहास आठवावा. ऐंशीच्या दशकात वसईच्या विहिरींतून पाणी उपसून टँकरने बाहेर नेलं जात होतं, आणि मागोमाग बिल्डरांसाठी इथली जमीन खुली झाली. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीतर्फे रस्त्यावर उतरले. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक, पुढे २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले हे धर्मगुरू, पाण्याचा आणि झाडांचा प्रश्न हा आपल्या धर्मकार्याचाच भाग मानत. त्या मोर्च्यांत ख्रिस्ती होते तसेच हिंदूही होते. वाडवळ, सामवेदी, कोळी, सगळे. जुलै २०२४मध्ये फादर गेले. त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीत हरित वसईचा उल्लेख सगळ्यांनी केला. त्या वसईचं पाणी राखायला आता कोण उभं राहणार आहे?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लौदातो सी’ हे परिपत्रक काढलं. पृथ्वी हे आपलं सामायिक घर आहे आणि ते सांभाळणं हा श्रद्धेचाच भाग आहे, असं त्यात सांगितलं आहे. आपल्याकडे त्यावर प्रवचनं झाली, चित्रकलेच्या स्पर्धा झाल्या, चर्चच्या आवारात रोपं लागली. चांगलं झालं. पण ज्या गावात डोळ्यांदेखत तळी बुजतात, तिथे एवढ्यावर समाधान मानणं मला मान्य नाही.

एक अवघड गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. भराव टाकणारे सगळेच बाहेरचे नाहीत. बरीच बावखलं आपल्याच माणसांच्या मालकीची आहेत आणि ती भरायला आपल्याच माणसांनी होकार दिला आहे. त्यांना खलनायक ठरवून काही साधणार नाही. भावाभावांत वाटणी झाली, घर बांधायला जागा नाही, मुलीचं लग्न आहे, आजारपणाचं कर्ज आहे. पाण्याखालच्या जमिनीपासून एक रुपया मिळत नाही आणि भरली तर लाखोंचा भाव येतो. अशा कुटुंबाला ‘बावखल राख’ म्हणताना समाजानेही पदर खोचला पाहिजे. गाळ काढायचा खर्च, कुंपण, जलपर्णी उपसण्याचे कष्ट एकट्या मालकावर टाकून आपण त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करतो, हे न्याय्य नाही.

डासांचं कारण नेहमी पुढे येतं. डेंग्यूचा डास घरातल्या पिंपात, टायरात, कुंडीच्या बशीत वाढतो. मासे असलेल्या स्वच्छ तळ्यात डासांच्या अळ्या फार टिकत नाहीत. डास होतात ते कचरा टाकून गटार केलेल्या बावखलात, आणि तो कचरा आपण टाकलेला असतो. मुलं बुडण्याची भीती मात्र खरी आहे. तिच्यावर उपाय काठाला कठडा आणि मुलांना पोहायला शिकवणं हा आहे.

कायदाही अगदीच दुबळा नाही. २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावतळ्यावरचं अतिक्रमण बेकायदा ठरवलं आणि गावाच्या सामायिक जमिनींवरची अशी अतिक्रमणं हटवण्यासाठी योजना करा, असं सगळ्या राज्यांना बजावलं. ते प्रकरण पतियाळा जिल्ह्यातल्या एका बुजवलेल्या तळ्याचंच होतं. जी बावखलं सरकारी किंवा सार्वजनिक म्हणून नोंदलेली आहेत, त्यांच्यासाठी हा निकाल हाताशी आहे. खाजगी बावखलांना तो थेट लागू पडणार नाही. तिथे समजूत, मदत आणि समाजाचा शब्द यांचाच आधार आहे.

तेव्हा काम नोंदीपासून सुरू करू या. धर्मग्रामातल्या प्रत्येक लघुसमूहाने आपल्या आळीतली बावखलं मोजावीत. किती होती, किती उरली, कुणाच्या नावावर आहेत, पाणी कसं आहे, हे वयस्कर माणसांना विचारून आणि गाव नकाशा, सातबारा पाहून लिहून काढावं. धर्मग्राम परिषदेने ही यादी ठराव करून तहसीलदार आणि महापालिकेकडे द्यावी, पोच घ्यावी. रात्री डंपर दिसला तर फोटो काढावा, गाडीचा नंबर टिपावा आणि तक्रार एकट्याने न करता पंचवीस-तीस जणांच्या सह्यांनी करावी. उपवासकाळात वाचवलेले पैसे यंदा एका बावखलाच्या नावाने बाजूला ठेवावेत. ईस्टरनंतर पाऊस येईपर्यंत हाताशी काही आठवडे असतात. तेव्हा पाणी तळाला गेलेलं असतं, गाळ काढायला तोच काळ. युवकांनी त्या काळात दोन-चार रविवार द्यावेत. शेजारच्या आळीतल्या हिंदू बांधवांना सुरुवातीपासून सोबत घ्यावं, कारण विहिरींचं पाणी त्यांचंही आहे. चर्चच्या किंवा एखाद्या ख्रिस्ती संस्थेच्या जागेत बावखल असेल, तर सुरुवात तिथून व्हावी. आपलं तळं नीट राखलं की दुसऱ्याला सांगायला तोंड राहील.

परदेशात असलेल्या आमच्या मुलांना वेगळं सांगायचं आहे. वाडी तुमच्या नावावर होईल तेव्हा विकण्याआधी एकदा गावाला विचारा. विकायचीच असेल, तर बावखल वगळून विका.

आणि तुम्ही, जे हे वाचत आहात: येत्या रविवारी मिस्सा सुटल्यावर लगेच गाडीला किल्ली लावू नका. आपल्या आळीतल्या चार घरांना थांबवा, फादरांना हाक मारा, आणि सगळे मिळून सर्वात जवळच्या बावखलापर्यंत चालत जा. यादीतलं पहिलं नाव त्याच दिवशी लिहा.