वनस्पतिजन्य, पण पारखलेले

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी दिवेलागणीला बेचैन होतात, स्वतःच्याच घरात ‘मला घरी जायचंय’ म्हणून दार ठोठावतात, भरवणाऱ्या सुनेवर हात उगारतात. हा हट्ट नव्हे, आजार आहे. थकलेल्या घराला मग कुणी ब्राह्मी सुचवतो, कुणी जिंको या झाडाच्या अर्काच्या गोळ्या.

वनस्पतींकडे वळण्यात गैर काहीच नाही. स्नोड्रॉपच्या झाडात सापडलेले गॅलँटामाइन २००१ मध्ये अमेरिकेत अल्झायमरसाठी मंजूर झाले. आपल्या सर्पगंधेचा उन्मादावरील उपयोग गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला. पण तिच्यातूनच वेगळ्या काढलेल्या रेसरपिनमुळे काही रुग्णांना नैराश्य आल्याच्याही नोंदी झाल्या. जिंको रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत घेतल्यास रक्तस्रावाचा धोका संभवतो. झाडपाल्याचे म्हणून निर्धोक, हा समज महागात पडतो.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. रुग्णाचे वागणे अचानक बदलले, तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, वेदना तपासाव्यात. चालू असलेली प्रत्येक गोळी, काढा, चूर्ण डॉक्टरांना सांगावे. आणि सरकारने वनस्पतिजन्य औषधांच्या काटेकोर चाचण्यांसाठी पैसा द्यावा. त्यांत रुग्णाच्या स्मरणशक्तीइतकीच त्याची शांत झोप आणि काळजी घेणाऱ्याचा थकवाही मोजावा. परंपरेचा मान राखायचा, तर तिची कसून परीक्षा घेतलीच पाहिजे.